कंबर लवली की गाणे येते

लक्ष्मीपूजन झाले, भाऊबीज झाली, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले, की पुण्यामुंबईकडची दिवाळी सरते. आमच्या भंडाऱ्याकडे मात्र ती त्याच सुमारास कोठे रंगात येऊ लागते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा नदीपलीकडच्या गावची, असा हा क्रम कार्तिकभर चालतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, दूरचे सोयरे उतरतात, घरोघर पाहुण्यांसाठी चुली पेटलेल्या असतात. मंडईच्या मैदानात जिलेबीच्या कढया, मुर्रा-चिवड्याचे ढीग आणि बांगड्यांची दुकाने. आणि या सगळ्या गर्दीत, कोणाला न कळेल अशा बेताने, उपवर मुलामुलींची पाहणीही उरकून घेतली जाते. रात्र झाली की दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. तेव्हा आमच्या दिवाळीचे खरे पक्वान्न म्हणजे गाणे, असे म्हणावयास हरकत नाही.

तुमचे आवडते गाणे कोणते, असे कोणी विचारले म्हणजे शहरातील माणूस चटकन गायकाचे नाव घेतो, चित्रपटाचे नाव घेतो, क्वचित रागाचेही घेतो. झाडीपट्टीतील माझ्या वयाच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देताना आधी महिना आठवतो. आषाढातले गाणे की भादव्यातले? मग जागा आठवते. बांधीतले, आखरावरचे की जात्यापाशीचे? कोणी म्हटले हे सर्वांत शेवटी आठवते, आणि पुष्कळदा आठवतही नाही. आमच्या गाण्यांना कवीचे नाव नसे, पण वेळ ठरलेली असे. रोवणीचे गाणे माघात म्हटले तर म्हाताऱ्या बाया हसत. त्यामुळे आवडत्या गाण्यांच्या आठवणी सांगू लागलो की मी नकळत या जिल्ह्याचाच इतिहास सांगू लागतो. आणि हा इतिहास गॅझेटियरमध्ये फारसा सापडत नाही. मी भंडारा म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जुना जिल्हा असतो, हेही येथेच सांगून टाकतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया निराळा झाला. नवेगाव बांध, तिरोडा, आमगाव तिकडे गेले. गाण्यांची वाटणी मात्र कोणी केली नाही.

आधी आषाढ. हा भाताचा मुलूख. वैनगंगा आहेच, पण येथील शेती खरोखर उभी आहे ती तळ्यांवर. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ही तळी बांधली. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथून त्याने या लोकांना आणले, अशी दंतकथा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही ती नोंदलेली आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला आणि तळ्याभोवतीच्या सात टेकड्यांनी, म्हणजे सात बहिणींनी, त्याला साहाय्य केले, असे लोक सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, माणसे पाण्याशी नाते कसे सांगतात ते तिच्यातून कळते. पुढे ही तळी मालगुजारांच्या हाती आली. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे गेली, आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव त्यांना मिळाले. आमच्या लोकांनी त्याचे दोन अक्षरांत ‘मामा’ करून टाकले. मामाचे पाणी भाच्यांना पुरत नाही, हा विनोद आमच्याकडे फार जुना आहे.

तळ्याखालच्या बांध्यांत चिखलणी झाली, पऱ्हे उपटून त्यांच्या पेंड्या धुऱ्यावर येऊन पडल्या, की बाया ओळीने बांधीत उतरत. रोवणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही कामे पुढे सरकत होत नाहीत, बाया मागे मागे सरकत रोवतात. तोंडासमोर नुकतेच रोवलेले हिरवे, पाठीमागे न पाहिलेला चिखल. पोटऱ्यांपर्यंत पाणी, डोक्यावर पावसाची झड, पाठीवर पोते किंवा पानांची टोपली, आणि सकाळपासून दिवस बुडेपर्यंत कंबर लवलेली. अशा कामात बोलणे होत नाही, कारण तोंड वर करता येत नाही. गाणे होते. एक बाई उचलते, बाकीच्या मागून झेलतात. एका ओळीला किती रोपे बसतात याचे मोजमाप सर्वांच्या बोटांना ठाऊक असे. गाणे संथ असले तर हात संथ, उडते असले तर हात उडते. कवितेची मात्रा म्हणजे काय हे मला पुढे शाळेत शिकविले. परंतु ती मी बांधीत आधीच पाहिली होती.

या गाण्यांत काय नसे? रामसीतेचा वनवास असे, न आलेला भाऊ असे, सासूचे टोमणे असत, आणि धुऱ्यावर छत्री घेऊन देखरेखीस उभा राहिलेला मालगुजाराचा दिवाणजीही असे. त्याच्या पोटावर, चपलांवर, छत्रीच्या मोडक्या काडीवर कडवी रचली जात. तो ऐकत असे, कळतही असे त्याला, पण बोलता येत नसे. गाणे थांबविले तर रोवणी थांबेल! एरवी ज्या बायांनी त्याच्यासमोर पदर सावरून गप्प उभे राहावयाचे, त्या बाया आषाढात त्याला तोंडावर सुनावीत. माझ्या मोठ्या मायचे, म्हणजे वडिलांच्या वडील भावाच्या पत्नीचे, नाव या बाबतीत पाच गावांत होते. मजुरीचा दर ठरविताना इतर बाया तिला पुढे करीत, कारण तिच्या कडव्याला सगळेच भीत.

मी मास्तर झाल्यावर, १९७० च्या सुमारास असेल, एकदा उन्हाळ्यात वही-पेन्सिल घेऊन मोठ्या मायपुढे बसलो. म्हटले, रोवणीची गाणी सांग, लिहून घेतो. ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडीत होती. एक ओळ म्हणाली, थांबली. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. मग सूप खाली ठेवून म्हणाली,

“बसून गाना येत नाही गा बाबू. कंबर लवली का मंग येते.”

मला वाटले, म्हातारी टाळते आहे. पण आषाढात धुऱ्यावर छत्रीखाली उभा राहिलो तेव्हा तिच्या तोंडून एकामागून एक गाणी अशी निघाली की माझे लिहिणे मागे पडले. जी ओळ ओसरीवर अडली होती ती चिखलात अडली नाही. लोकगीते जमविणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आलेला असतो. गाणे तिला पाठ नव्हतेच. ते तिच्या पाठीला ठाऊक होते.

रोवणी आजही पुष्कळशी हातानेच होते, यंत्रे आता आता येऊ लागली आहेत. मग गाणी का थांबली? माझ्या समजुतीने त्याचे कारण रेडिओ नव्हे, सिनेमाही नव्हे, गुत्ता हे आहे. रोजाने काम होते तोवर दिवस लांब होता आणि गाण्याला जागा होती. एकराचा गुत्ता ठरू लागला तेव्हा टोळी जितकी लवकर बांधी उरकील तितकी तिची कमाई जास्त. जुनी चाल या घाईला पुरेना. मजुरी आधीपेक्षा बरी मिळते, हे मी विसरत नाही. आणि ज्यांची कंबर लवत होती त्यांना गाणे प्रिय की चार पैसे, हे मी धुऱ्यावरून ठरविणे शोभणारही नाही.

जात्याचे तसेच झाले. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या घरातील एकाही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळल्याचे मला स्मरत नाही. पहाटेची ओवी गोड खरी, पण ती ऐकणाऱ्याला. ओढणाऱ्या हातांना ती किती गोड होती ते त्यांनाच विचारावे. सुदैवाने महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांना वाली भेटले. साने गुरुजींनी त्या जमवून पुस्तकरूप दिल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. झाडीपट्टीच्या रोवणीगीतांवर अशी नजर फार उशिरा पडली. एक तर हा मुलूख मुंबईपासून लांब. आणि दुसरे म्हणजे आमची बोली. आम्ही ‘ण’चा ‘न’ करतो, ‘ळ’चा पुष्कळदा ‘र’ करतो. तेव्हा आमचे ते अशुद्ध ठरले. वस्तुतः मराठी बाईच्या गाण्याची जी आद्य लेखी खूण आहे ती आमच्याच विदर्भातली. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला असता महदंबेने धवळे गाइले, आणि महानुभावांनी ते जपून ठेवले. लग्नघरात बाया गाणी म्हणतात त्याचीच ती थोर पणजी. ते गाणे कोणी तरी लिहून ठेवले म्हणून वाङ्मय झाले, एवढाच फरक.

भुलाबाईविषयी लिहू लागलो तर हा लेख तिचाच होईल. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या घरी भुलाबाई बसे, आणि मुली गाण्यांमागून गाणी म्हणत. मुलग्यांचे लक्ष सगळे झाकलेल्या खिरापतीकडे. माझ्या थोरल्या बहिणीला भुलाबाईची इतकी गाणी येत की खिरापत हाती पडेपर्यंत आम्हाला झोप लागे. तिच्या गाण्यांतील एकही मला पुरते आठवत नाही; वाटली डाळ मात्र आठवते.

दंडारीची गोष्ट निराळी. ती पुरुषांची. दिवाळीच्या आधी महिनाभर रात्री कोणाच्या तरी पडवीत तालीम चाले. भाताची लोंबी पिवळी होऊ लागली की पोरांच्या पायांत चाळ बांधले जात. बायांची कामे पुरुषच करीत. गावातला न्हावी किंवा मळकट धोतरातला कोणी शेतमजूर मंडईच्या रात्री लुगडे नेसून उभा राहिला की त्याची बायकोसुद्धा त्याला ओळखीत नसे. खडी गंमतीत शाहीर आणि त्याचे साथीदार रात्रभर उभेच, नावच तसे. त्यातही दोन शाहिरांचा दुय्यम सामना असला तर काय विचारता! एकाने पुराणातले कोडे घालावे, दुसऱ्याने ते उलगडून उलट घालावे, आणि पहाटे हरलेल्या शाहिराची बाजू घेणारे गावकरी विजयी गावकऱ्यांशी भांडत परत निघावेत. पुराणांतील बारीक बारीक कथा मला ज्या ठाऊक आहेत त्या पोथीतून नव्हे, या भांडणांतून. अक्षरओळख नसलेला माणूस भर सभेत विचारीत असे की अमक्या ऋषीच्या पत्नीचे नाव काय, आणि आमचे शास्त्रीबुवा घरी जाऊन पोथी उघडीत.

याच मातीतून झाडीपट्टीचे नाटक निघाले. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याचा हंगाम. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडव घालावयाचा, दिवसा शंकरपट पाहावयाचा आणि रात्री नाटक. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, पुढे २०२१ च्या डिसेंबरात ती उठली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या मधल्या वर्षांत पट थांबले, पण नाटक थांबले नाही. देसाईगंज-वडसा हे आज त्याचे मोठे ठाणे आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळांना हे नाटक आहे हे प्रथम कळले. या नाटकांत गाणे हवेच. कथानक कितीही दुःखाचे असो, प्रेक्षक गाण्यासाठी पुन्हा पुन्हा ओरडतात, आणि मेलेले पात्रही उठून पुन्हा गाते. बालगंधर्वांच्या नाटकांविषयी वन्समोअरच्या ज्या कथा सांगतात त्या आमच्याकडे अजून घडतात.

बालगंधर्वांचे नाव निघाले म्हणून सांगतो, त्यांचा आवाज आमच्या घरात आगगाडीने आला. बंगाल-नागपूर रेल्वेने भंडाऱ्याला कलकत्त्याशी जोडले; आणि त्याच कलकत्त्यात १९०२ साली गौहर जानच्या आवाजापासून हिंदुस्थानातील तबकड्यांचा व्यवहार सुरू झाला. आमच्या आबाजींना एका व्यापाऱ्याने देण्याच्या बदल्यात एक फोनो दिला होता, त्यासोबत बालगंधर्वांच्या दोन तबकड्या. आबाजींनी नाटक उभ्या आयुष्यात पाहिले नाही. तरीही दुपारी जेवणे झाली की ते डोळे मिटून ती पदे ऐकत आणि शेवटी, “बाई मोठी गुणी आहे,” असे म्हणत. गाणारा पुरुष आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगण्याचे धैर्यही कोणाला नव्हते.

नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. आमच्या गावात पहिला रेडिओ पाटलांच्या वाड्यात आला. परवाना काढावा लागे, बॅटरी जपून वापरावी लागे, म्हणून तो ठराविक वेळीच बोले. या रेडिओची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्याकडे पेटीवाचून भजन होत नाही, नाटक होत नाही. पण आकाशवाणीने १९४० पासून पेटीला दार बंद केले होते आणि ते १९७१ साली उघडले. पेटीचा आवाज आमच्या संगीताला शोभत नाही, असे शहाण्यांचे मत. आमचे पेटीवाले बुवा म्हणत, “नागपूरले माही पेटी चालत नाही, अन् इथी पेटीबिगर मी चालत नाही.”

पुढे १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्यांना चित्रपटगीतांचा मोह लोकांना वाईट वाटला आणि आकाशवाणीवरून ती गाणी आटली. परिणाम असा झाला की लोकांनी सुई फिरवून सिलोन लावले. त्याच वर्षअखेरीस तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता पाटलांच्या वाड्याची ओसरी भरू लागली. आत बायका, बाहेर पुरुष, पायऱ्यांवर आम्ही पोरे. वैनगंगेच्या काठी बसून आम्ही लंकेतून आलेली हिंदी गाणी ऐकत होतो! रावणाच्या गावाहून येते म्हणून एक आजीबाई काही दिवस कानांवर हात ठेवून बसत. मग हळूहळू हात खाली आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने आपला हट्ट सोडला.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक. त्या वेळी आम्ही भंडारेकर महाराष्ट्रात नव्हतोच. आमचा जिल्हा मध्यप्रदेशात, आणि त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्ये अशी बदलत असताना गीतरामायण आमच्या घरी आले ते वहीतून. थोरली बहीण नागपूरला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करीत होती. सुटीत आली तेव्हा तिच्याजवळ शाईने लिहिलेली गीते आणि गळ्यात चाली होत्या. तिने ती आंगणात म्हटली. मोठी माय भिंतीला टेकून ऐकत होती. तिला शब्द पुरते कळले की नाही कोण जाणे. पण आषाढात तिने त्यांतली एक चाल थोडी लांबवून, थोडी वाकवून बांधीत उचलली आणि तिच्यावर आपली सीता बसविली. ती सीता पुस्तकी मराठी बोलत नव्हती; ‘पानी’ म्हणत होती. पुण्याच्या गाण्याने आमच्या चिखलात असे मूळ धरलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच रेडिओने लोकगीते मारली असे कोणी म्हणाले की मला पटत नाही. काम होते तोवर त्या बाया रेडिओलाही कामाला लावीत.

वडिलांची आवड आणखी निराळी. त्यांच्या आयुष्यात गाणे एकच, खंजिरीवरचे. तुकडोजी महाराजांचे भजन त्यांनी तरुणपणी ऐकले आणि त्यानंतर आमच्या घरी सायंप्रार्थना चुकली नाही. महाराज खंजिरी घेऊन उभे राहिले की हजारोंच्या समुदायात पान हलल्याचा आवाज येई, असे ते सांगत. या भजनांची धास्ती इंग्रज सरकारलाही वाटली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले, आमच्या जिल्ह्यात तुमसरला गोळीबार होऊन माणसे बळी पडली, आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. डिसेंबरात ते सुटले. ते तुरुंगात होते त्या दिवसांत वडील प्रार्थना मनातल्या मनात म्हणत, कारण दारावरून पोलीस पाटील जाई. ओठ हलताहेत, आवाज नाही, आणि हात मांडीवर खंजिरीचा ठेका धरतो आहे. माझा जन्म नंतरचा, पण आईने हे चित्र इतक्यांदा सांगितले की ते मला माझेच वाटते.

आता एक आठवण अशी की जिने मला गाण्यांबद्दल फाजील हळवे होऊ दिले नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते पडले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धर्मांतर झाले. आमच्या भागातून माणसे आगगाडीने, बैलगाडीने, पायी गेली. माझ्या एका वर्गमित्राचे वडील उत्तम गात. जुन्या काळी गावच्या प्रत्येक सणाला त्यांच्या वाद्यावाचून आणि गळ्यावाचून पान हलत नसे. पुढे मी वही घेऊन फिरू लागलो तेव्हा त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी मला चहा पाजला, भीमगीते म्हटली, लहान मुलांना हाक मारून तीही कोरसला बसविली. मग मी जुन्या गाण्यांविषयी विचारले. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, ते गाने माहे नाहीत आता. दारात उभं राहून म्हनाचे होते ते. छप्पन्न साली नागपूरले सोडून आलो.”

त्या गाण्यांची एक ओळही त्यांनी सांगितली नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. लोकगीतांचे संग्राहक ज्यांना ‘लुप्त’ म्हणतात त्यांतली काही अशी जाणूनबुजून टाकून दिलेली असतात. त्यांची नोंद करावयाची तर त्यांच्या टाकण्याचीही करावयास हवी.

दिवाळीच्या पाडव्याचे गाणे मात्र गोवाऱ्यांचे. त्या सकाळी गावची गुरे रंगवून, शिंगांना बेगड लावून आखरावर आणतात आणि गायगोधन होते. उंच बांबूची, मोरपिसांनी सजविलेली ढाल पुढे, मागे डफड्याचा ठोका आणि बासरीवर गोवाऱ्यांचे बिरवे. वर्षभर ज्याला गाव केवळ गुराखी म्हणून हाका मारते त्याच्या ढालीपुढे त्या दिवशी मालगुजाराच्या घरची सवाष्णही ओवाळणी घेऊन उभी राहते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, गोवाऱ्यांच्या बोलीला जागा मिळाली. बासरीची नोंद मात्र अक्षरांत कशी होणार?

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी ही मागणी. चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली. त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ. पाडव्याला ज्यांनी ढाली नाचविल्या होत्या त्यांची ती दिवाळी अजून पुरती सरलीही नव्हती. नागपुरात त्यांचे स्मारक आहे, एका उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. पुढच्या वर्षी पाडव्याला आमच्या आखरावर ढाल आली तेव्हा ठोका नेहमीचाच होता, पावलेही नेहमीचीच. ओवाळताना माझ्या पत्नीचा हात मध्येच थांबला. ढाल धरणारा म्हातारा म्हणाला, “ओवारा बाई. गाई वाट पाहून रायल्या.”

वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पाणी चढत गेले तशी नदीकाठची गावे उठली आणि वर जाऊन बसली. नव्या वसाहतींत रस्ते सरळ आहेत, विजेचे खांब आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका वसाहतीत एका म्हाताऱ्या बाईकडे गेलो होतो. तिच्या गळ्याची कीर्ती ऐकून होतो. तिची बांधी पाण्याखाली गेलेली. मी रोवणीच्या गाण्यांचे विचारले तेव्हा तिने हात झटकला. “आता रोवनाच नाही, त गाना काहाचा?”

मी उठणार तोच तिची नात आतून फोन घेऊन आली. गाव उठण्यापूर्वीच्या शेवटच्या आषाढात तिच्या मामाने धुऱ्यावर उभे राहून आजीचे गाणे त्याच्या फोनमध्ये धरून ठेवले होते, आणि ते एका फोनमधून दुसऱ्यात असे करत तिच्याकडे आले होते. तिने ते लावले. आधी पाण्यात पाय ओढल्याचा आवाज, मग म्हातारीचा गळा, मागून पाचसहा जणींनी झेललेली ओळ. मध्येच कोणी तरी पेंडी फेक म्हणून ओरडते. अडीच-तीन मिनिटांत ते संपते. आजीने ते ऐकले, फोनकडे बोट केले आणि नातीला म्हणाली की तिसऱ्या कडव्यात मागची बाई चुकली आहे. मग बसल्या जागीच थोडी पुढे वाकून तिने ते कडवे बरोबर म्हणून दाखविले.